चित्रात काय राहिलंय?

मार्च सरायला आला की आमच्या आळीतल्या अंगणांतून पोरांचे आवाज गायब होतात. मोगऱ्याच्या कळ्या ऊन चढायच्या आत खुडून होतात, करंड्या स्टेशनाकडे रवाना होतात, आणि मग दिवसभर ओट्याओट्यावर पुस्तकं उघडून बसलेली मुलं दिसतात. विहिरीच्या कडेला तापलेल्या शेवाळाचा वास, बोटांवर शाईचे डाग, घोकून घोकून बसलेले घसे. मी तीस-पस्तीस वर्षं मास्तरकी केली, त्यामुळे या दिवसांत माझ्याकडे आयांची रीघ लागते. बाई, आमच्या पोराचं डोकं कितपत चालतं ते जरा बघता का, असं विचारतात. मी बघत नाही. चहा देते, पोराच्या हातावर सुकेळं, म्हणजे वाळवलेलं केळं, ठेवते आणि आईला सांगते की डोक्यात उवा आहेत का ते बघून देईन, बाकीचं मला बघता येत नाही. बायकांना राग येतो. येऊ दे.

खरं म्हणजे मला ते बघता येतं. त्याचं रीतसर शिक्षण घेतलंय मी. ते शिक्षण मी एकाच परीक्षेच्या मोसमात वापरलं आणि त्यात शेजारच्या वाडीतल्या एका मुलीची शाळा कायमची सुटायची वेळ आली. देश स्वतंत्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हा. दर वर्षी हे ऊन असं तापायला लागलं की मला ती मुलगी आठवते आणि माझं डोकं फिरतं. वय झालं की माणूस निवळतो म्हणतात. मी काही निवळलेले नाही.

माझं लग्न सतराव्या वर्षी झालं आणि अठराव्या वर्षी संपलं. नवरा आगाशीचा, विषमज्वरानं गेला. मला माहेरी आणून सोडलं. आमची वाडी केळीची आणि पानवेलींची. काम भरपूर, पण शुभकार्याला पुढे व्हायची सोय नसलेली पोर घरात किती दिवस ठेवायची, हा प्रश्न सगळ्यांना पडला होता. त्या काळात त्याला दोनच उत्तरं होती. विधवा मुलीला एक तर नर्स करायचं, नाहीतर मास्तरीण. रक्त बघून मला चक्कर येते म्हणून दादानं मला ट्रेनिंग कॉलेजात घातलं.

तिथे बुधवारी दुपारी मानसशास्त्राचा तास असे. बाकीच्या मुली पेंगत. मी मात्र जागी असायची, कारण मन या वस्तूबद्दल कुणी काही शिकवू शकतं हे मला नवलाचं वाटायचं. आमच्याकडे मन म्हणजे देवासमोर बसल्यावर पळून जाणारी गोष्ट. आणि इथे एक जर्मन प्राध्यापक होते, त्यांनी म्हणे एका खोलीत यंत्रं आणि घड्याळं मांडून आवाज कानावर पडल्यापासून बोट उचलेपर्यंत माणसाला किती वेळ लागतो ते मोजलं. त्या खोलीला प्रयोगशाळा म्हटलं, आणि तिथून या शास्त्रानं तत्त्वज्ञानाच्या घरातून वेगळी चूल मांडली. मला ते फार आवडलं. वेगळी चूल मांडणाऱ्यांबद्दल मला तेव्हापासून आपुलकी आहे.

मग ते रशियन. कुत्र्याला खाणं द्यायच्या आधी ठरावीक आवाज करायचा. काही दिवसांनी नुसत्या आवाजानं कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. आमच्या शिक्षकांनी हे इतक्या गंभीरपणे सांगितलं की मला हसू आवरेना. आमच्या वाडीत रहाटाला चांद्या नावाचा बैल होता. पलीकडच्या चर्चची बाराची घंटा झाली की त्याला सोडत. दोन वर्षांत अशी गत झाली की पहिला टोला पडायचा अवकाश, चांद्या जागच्या जागी उभा. मग पाण्याची पाळी अर्धी राहिली तरी त्याला पर्वा नाही. बैल आपला पण ऐकतो फादरचं, असं आई म्हणायची. हे मी वर्गात उभी राहून सांगितलं. शिक्षक म्हणाले, खाली बसा, हा विनोदाचा तास नाही.

एका दुसऱ्या जर्मन संशोधकाची गोष्ट होती. पहिल्या महायुद्धात ते एका बेटावर अडकून पडले होते आणि तिथे त्यांनी माकडांवर प्रयोग केले. छताला केळी टांगली, खोलीत खोकी ठेवली. माकडानं बराच वेळ उड्या मारल्या आणि मग खोक्यावर खोकं रचून वर चढून केळी काढली. प्राण्यालाही एकदम उमजतं, हे त्यातून सिद्ध झालं. सुट्टीत घरी आले तेव्हा ही गोष्ट मी शेजारच्या वाडीवाल्या इनासला सांगितली. इनास आमच्या बांधाला बांध असलेला ख्रिस्ती बागायतदार, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, केळीतला दर्दी माणूस. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं की माकडाला भूक लागली होती तर केळी सरळ द्यायची, टांगून कशाला ठेवली. याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. अजून मला कुठे सापडलेलं नाही.

व्हिएन्नाच्या डॉक्टरांचं प्रकरण आम्हाला शिकवलंच नाही. शिक्षकांनी चार पानं उलटली आणि हा भाग भगिनींसाठी आवश्यक नाही म्हणाले. अर्थात त्याच रविवारी आम्ही सगळ्याजणींनी तेवढाच भाग वाचला. रुग्णाला कोचावर आडवं करून बोलतं करायचं, स्वप्नं ऐकायची, जे दडपलं ते आजार होऊन वर येतं, वगैरे. पुढे कुठेतरी वाचलं की बायकांच्या मनाचं कोडं मात्र या गृहस्थांना शेवटपर्यंत सुटलं नाही. इतक्या बायका कोचावर निजून बोलत होत्या. ऐकून घ्यायला काय हरकत होती? पण त्याच पानांत मला एक ओळ सापडली, ती मी वहीत उतरवून घेतली. कलकत्त्यातल्या एका बंगाली डॉक्टरांनी थेट व्हिएन्नाला पत्र लिहून कळवलं होतं की तुमचे सिद्धांत इथल्या माणसांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत, माझ्याकडे येणारे रुग्ण वेगळं सांगतात. राज्य इंग्रजांचं, शास्त्र युरोपचं, आणि हा माणूस आपल्या खोलीत बसून लिहितो की तुमचं इथे चुकतं. ती वही माझ्या उशाशी असायची.

आणि ते बाळ. त्याबद्दल मी आजही शांतपणे लिहू शकत नाही. अमेरिकेत एका प्राध्यापकांनी जेमतेम वर्षाचंही नसलेलं एक पोर घेतलं. त्याच्यापुढे पांढरा उंदीर सोडला. पोर खुशीत हात पुढे करू लागलं की मागून लोखंडावर हातोडा हाणायचा. असं चारदोनदा केल्यावर पोर उंदीर दिसताच किंचाळायला लागलं, मग ससा पाहूनही रडायला लागलं. भीती शिकवता येते, असा निष्कर्ष निघाला. ती भीती काढून टाकायची राहूनच गेली, पोर कुठेतरी निघून गेलं. पुस्तकात त्याला महत्त्वाचा टप्पा म्हटलंय. मी त्या पानाच्या कडेला शिसपेन्सिलीनं लिहिलं, निर्लज्ज. ग्रंथालयाचं पुस्तक खराब केल्याबद्दल मला समज मिळाली.

पण राग फक्त त्या बाळासाठी नव्हता. ते पान वाचताना मला माझंच काहीतरी दिसलं होतं. विधवा होऊन मी घरी आले तेव्हा पहिल्या महिन्यात एकदा दादा कामाला निघाला होता आणि मी पाण्याची कळशी घेऊन समोरून आले. कुणी काही बोललं नाही. आत्यानं फक्त दादाला परत आत बोलावलं, पाणी प्यायला दिलं, दोन मिनिटं बसवलं. असं चारपाच वेळा झालं. नंतर कुणाला काही करावंच लागलं नाही. कुणी बाहेर पडतंय अशी चाहूल लागली की मी आपसूक दाराआड व्हायची. हळदीकुंकवाला बायका यायच्या दिवशी मला परसात काहीतरी काम निघायचं. मला कुणी ढकललं नव्हतं, हातोडा मारला नव्हता. मी स्वतःच शिकले होते, आणि चांगली हुशार विद्यार्थिनी होते.

पुढे मी गावच्या शाळेत लागले. कौलारू शाळा, समोर चिंच, मागे मिठागराकडे जाणारी वाट. चौथीत अडतीस मुलं: निम्म्याहून जास्त ख्रिस्ती वाड्यांतली, बाकीची आमच्या आळीतली आणि काही कोळ्यांची. चौथीपुढे शिकायचं तर तीन मैलांवरच्या मोठ्या शाळेत पाचवीला जावं लागे, आणि आमच्या गावाच्या वाट्याला तिथे बारा जागा असत. कोणती बारा मुलं जाणार हे हेडमास्तर ठरवत. हेडमास्तर तसे वाईट नव्हते, पण दर वर्षी पालकांच्या तक्रारींनी त्यांचं डोकं उठायचं. म्हणून त्या वर्षी मुंबईहून एक साहेब आपल्या संशोधनासाठी बुद्धिमापनाची कसोटी घ्यायला येतो म्हणाले, तेव्हा त्यांना हायसं वाटलं. आता शास्त्रच यादी करील, कुणी आपल्या अंगावर यायला नको.

हेडमास्तरांनी वर्गात सांगितलं की उद्या तुमची बुद्धी मोजणार आहेत. दुसऱ्या दिवशी अडतीसच्या अडतीस मुलं डोक्याला थपथपीत तेल लावून, भांग पाडून आली. दोघांचे बाप त्यांना सकाळीच न्हाव्याकडे घेऊन गेले होते, म्हणजे माप घेताना केसांची अडचण नको. साहेबांनी ही चकचकीत डोकी पाहिली आणि खूप हसले. मीही हसले. तोपर्यंत सगळं गमतीचंच चाललं होतं.

साहेब सभ्य होते. पांढरा शुभ्र शर्ट, मऊ बोलणं. मला या विषयातलं काही कळतं हे पाहून ते खूश झाले आणि निम्मी मुलं त्यांनी माझ्याकडे सोपवली. प्रत्येक मुलाला वेगळं बसवायचं, ठरलेल्या शब्दांत प्रश्न विचारायचे, जास्त बोलायचं नाही, उत्तरपत्रिकेशी ताडून गुण द्यायचे आणि खाली सही करायची. सहीशिवाय कागद मोजला जाणार नव्हता. आपल्या हातून शास्त्रीय काम होतंय याचा मला अभिमान वाटत होता. मी नवं लुगडं नेसून गेले होते, हे कबूल करते.

तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर फिलू आली. इनासची मुलगी, फिलोमिना. दहा वर्षांची, हातापायांना कायम मातीचे ओघळ, कारण शाळेआधी आणि शाळेनंतर ती वाडीत पाटाचं पाणी फिरवायची. एका आळ्यातून दुसऱ्यात पाणी कधी सोडायचं, कुठे माती लावून अडवायचं, हे ती न बघता करायची. हिशेबात पहिली, बोलण्यात शेवटची. तिला पाचवीला जायचं होतं. हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं, पण मोठ्या शाळेत गेलेल्या मुलांची जुनी पुस्तकं ती मागून आणून वाचायची, एवढं मला पुरेसं होतं.

एका तक्त्यावर चित्रं होती आणि प्रत्येकात काहीतरी राहिलेलं होतं. दांडी नसलेली छत्री, शेपूट नसलेला घोडा, काटा नसलेलं घड्याळ. आणि एक बाई. मूळ परदेशी कसोटीत म्हणे चेहऱ्याचं नाक नाहीतर डोळा काढलेला असतो. आपल्याकडच्या विद्वानांनी ते इथल्या मुलांना साजेसं करून घेतलं होतं. नऊवारी नेसलेली, अंबाडा घातलेली, कानात कुडी असलेली बाई. उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं, कुंकू. गुण दोन.

फिलूनं छत्री सांगितली, घोडा सांगितला, घड्याळ सांगितलं. बाईपाशी थांबली. चित्र जवळ घेतलं, लांब धरलं. मग वर मान करून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. कसोटीच्या नियमाप्रमाणे मी नुसती बसून होते.

"काय नाय ऱ्हायलं, बाई," ती म्हणाली. "तुमासारकीच हाय."

मी कागदावर शून्य लिहिलं.

होय, लिहिलं. इथे मी स्वतःला सोडणार नाही. नियम होता, शिकलेला होता, हातानं आपलं आपण लिहिलं. फिलूला जा म्हटलं, पुढच्या मुलाला बोलावलं. पुढचा पास्कू, इनासच्याच नात्यातला. तो म्हणाला, चर्चला जाताना बायका अंगावर घेतात ती पांढरी चादर राहिली. शून्य. त्यानंतर आमच्या आळीतला वसंत. त्याचा बाप दोन वर्षांपूर्वी वारला होता. त्यानं चित्राकडे पाहिलं आणि काहीच बोलला नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाला, माहीत नाही. मला कळत होतं की त्याला माहीत आहे. त्यालाही शून्य.

दुपारी चिंचेखाली बसून मी बेरजा केल्या. ख्रिस्ती वाड्यांतल्या जवळपास सगळ्या मुलांचं ते एक चित्र गेलं होतं. त्यातली बरीच बाकीच्या गुणांवर तरली. पण फिलू, पास्कू आणि वसंत, तिघं बरोबर त्या चित्राच्या दोन गुणांनी पास-नापासाच्या रेघेखाली गेली होती. साहेबांच्या पुस्तकात रेघेखालच्यांसाठी शब्द होता, मंद. मी तिन्ही कागद मांडीवर घेऊन बसले आणि पहिल्यांदा ते चित्र मुलांच्या डोळ्यांनी पाहिलं. फिलूच्या आईच्या कपाळावर कुंकू नसतं, आजीच्या नव्हतं, गावातल्या निम्म्या बायकांच्या नाही. त्या बायका लाल चौकड्यांची लुगडी नेसून बाजारात टोपल्या घेऊन बसतात, मुलं वाढवतात, भांडतात, गातात. त्यांच्यात काय राहिलंय? आणि समोर बसून हा प्रश्न विचारणारी बाई कोण होती? कपाळ कोरं असलेली मी, पोरांना विचारत होते की हिच्यात काय कमी आहे सांगा, सांगितलंत तर दोन गुण. माझ्यापुढे बसलेल्या एकोणीस मुलांतल्या एकीनं माझ्याकडे बघून सांगितलं की काही कमी नाही. तिला मी मंद ठरवलं होतं.

इतका संताप मला नवरा गेला तेव्हाही आला नव्हता. तेव्हा नुसतं रडू आलं होतं.

मी साहेबांकडे गेले. हेडमास्तर तिथेच बसले होते. मी सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं, मान डोलावली, तुमचं निरीक्षण उत्तम आहे म्हणाले, प्रबंधात तळटीप देऊ. पण कसोटी शहरातल्या कितीतरी मुलांवर घासून पक्की केलेली आहे, उत्तर बदललं तर तुलना कशाशी करणार? गुण आहेत तसेच राहतील. मी म्हटलं, ज्या फ्रेंच गृहस्थांनी ही कसोटी पहिल्यांदा केली त्यांनी ती मागे पडणाऱ्या मुलांना मदत मिळावी म्हणून केली होती, दाराबाहेर काढायला नाही. बुद्धी वाढते, ती कायमची ठरलेली नसते, असं तेच सांगत होते. मग ती समुद्रापार गेली आणि लोकांनी तिचा शिक्का केला. साहेब म्हणाले, हो, हा इतिहास मलाही माहीत आहे. माहीत आहे, हेच तर मला सहन होईना. हेडमास्तरांनी मध्ये पडून मला नोकरीचा विचार करायला सांगितलं. माझ्यासारखीला नोकरी म्हणजे काय, हे ते जाणून होते आणि त्यांनी ते चांगल्या मनानं सांगितलं.

साहेबांनी तक्ता माझ्यापुढे सरकवला. "बाई, भावना बाजूला ठेवून सांगा. या चित्रात काहीच राहिलेलं नाही, असं तुमचं म्हणणं आहे?"

"काहीच राहिलेलं नाही," मी म्हटलं. "ही बाई पुरी आहे. मी बसलेय ना समोर, बघून घ्या."

त्यांनी पाहिलं. मला वाटतं, त्या तीन दिवसांत पहिल्यांदाच पाहिलं. त्यांचे कान लाल झाले आणि ते कागद आवरायला लागले. माझ्या वाटणीच्या एकोणीस कागदांवर मी सही केली नाही. सहीच्या जागी प्रत्येकावर लिहिलं की इथे मूल नव्हे, प्रश्न नापास झाला आहे. लिहिताना मला कलकत्त्याचे ते डॉक्टर आठवत होते. त्यांनी व्हिएन्नाला लिहिलं, मी निदान कागदाच्या तळाला लिहावं. महिन्याभरात मला वरून ठपक्याचं पत्र आलं. ते मी चौकट करून भिंतीला लावलंय, लग्नाचा फोटो असतो त्या जागी.

खूप वर्षांनी एका मासिकात मी एका अमेरिकन बाईंबद्दल वाचलं. त्यांनी मानसशास्त्राचा सगळा अभ्यास केला, परीक्षकांनी वाखाणला, आणि विद्यापीठानं केवळ बाई म्हणून पदवी नाकारली. पुढे याच शास्त्राच्या राष्ट्रीय संस्थेच्या त्या अध्यक्ष झाल्या. मधल्या काळात त्या विद्यापीठाच्या जोडीच्या महिला कॉलेजनं पदवी देऊ केली होती, ती त्यांनी घेतली नाही. ते वाचून मी एकटीच टाळी वाजवली. आई तेव्हा खूप थकली होती, तिनं विचारलं काय झालं, मी म्हटलं एक जण नाही म्हणाली.

पण नाही म्हणून भागत नसतं, हे मला त्याच मोसमात कळलं. सही नसली तरी बेरजा हेडमास्तरांनी पाहिल्या होत्या, आणि एकदा पाहिलेला आकडा माणसाच्या डोक्यातून जात नाही. बारा नावांची यादी लागली त्यात ही तिघं नव्हती. इनासला त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की पोरगी कामाची आहे, पण पुस्तकात जरा मंद आहे. वसंतच्या आईला आणि पास्कूच्या बापालाही असंच काहीसं. मी इनासच्या वाडीत गेले तेव्हा तो विहिरीवर होता आणि फिलू पाटात उभी राहून पाणी वळवत होती. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. इनासनं रहाट थांबवला आणि सरळ विचारलं की पोरगी हुशार आहे की नाही एवढं सांगा, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही सांगाल ते मी मानतो.

किती सोपं होतं हो म्हणणं. पण मग माझा शब्द हाही एक शिक्काच झाला असता, साहेबांच्या जागी माझा. मी म्हटलं, त्या कसोटीत असाही एक प्रश्न होता, फिलूचा तोही चुकला. तुम्ही सांगा उत्तर. केळ, पेरू, आंबा आणि विड्याचं पान. यातलं वेगळं कोणतं?

"आंबा," इनास लगेच म्हणाला. "त्याला पानी कोन घालतो?"

मी सांगितलं की फिलूनंही हेच सांगितलं होतं, आणि कागदावर उत्तर आहे पान, कारण बाकीची फळं.

इनास म्हणजे दीड हजार केळी आणि चार वाफे पानवेली एकट्यानं पोसणारा माणूस, कोणत्या मुळाला कधी किती पाणी हे झोपेतही सांगणारा. त्याच्या कपाळावर हळूहळू आठ्या चढताना मला दिसल्या.

"मंग मी पन मंद?"

"साहेबांच्या कागदाप्रमाणे, हो."

फिलूच्या हातातलं फावडं त्यानं काढून घेतलं आणि तिला घरात जाऊन हातपाय धुवायला सांगितलं. पाट फुटून पाणी वाटेवर आलं तरी कुणी ते अडवायला गेलं नाही.

जूनमध्ये मोठी शाळा उघडली त्या दिवशी आम्ही पाचजण चालत गेलो. इनास, मी आणि ती तिघं. वसंतच्या आईनं त्याला माझ्या हवाली केलं होतं. ती स्वतः आली नाही, पण निघताना आम्ही दृष्टीआड होईपर्यंत वाटेच्या मधोमध उभी होती, कडेला नाही. मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी आमची यादी काढून दाखवली. बारा नावं. मी भांडायची तयारी करून गेले होते, जर्मनीपासून अमेरिकेपर्यंत सगळी शास्त्रं माझ्या जिभेवर होती. पण ते शास्त्राबद्दल काही बोललेच नाहीत. म्हणाले, मुलांबद्दल माझी काही तक्रार नाही हो, वर्गात बाकं नाहीत. तुमच्या गावच्या बारांपुरतीच जागा आहे, या तिघांना बसवू कुठे? आम्ही परत आलो. वाटेत मला वाटलं, झालं, संपलं.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या वेळी मोठ्या शाळेच्या फाटकातून एक बैलगाडी आत शिरली. गाडीत फणसाच्या फळीचं नवं कोरं बाक होतं, रंधा मारलेलं, अजून ओलसर, पिवळंधमक. इनासनं आणि पास्कूच्या बापानं ते आदल्या दुपारपासून खपून केलं होतं. दोघांनी ते उचललं आणि कुणाला काही न विचारता पाचवीच्या वर्गात नेऊन शेवटच्या रांगेमागे ठेवलं. मुख्याध्यापक धावत आले. इनासनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "बाक नाय म्हनालात. आनला."

बाकाची लांबी तीन मुलांची होती. फिलू मधे बसली, एका बाजूला पास्कू, दुसऱ्या बाजूला वसंत. मुख्याध्यापकांनी वर्गशिक्षकांकडून हजेरीपट मागून घेतला, शाईत टाक बुडवला आणि आमच्या गावच्या बारांच्या खाली तेरा, चौदा, पंधरा असे आकडे घातले.